घरात जो आहे तो

सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या ओल्या मुरमुऱ्यांच्या, दोन बशा टेबलावर ठेवून संगमेश हात पुसून बसला, तरी महादेवी उभीच होती. सुशीला गार झालेला तिला चालत नसे. एरवी बशी पुढ्यात येण्याआधीच तिच्या हातात चमचा असायचा. "बस की," तो म्हणाला. तिने आपली बशी बोटाने हळूच त्याच्याकडे सरकवली. "आधी ह्यातलं खा तुम्ही." आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला काटा नीट धर म्हणावं, तसा साधा आवाज होता. त्याने तिच्या बशीतला एक चमचा तोंडात घातला. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरला तशी तिने खुर्ची ओढली, बशी परत घेतली आणि खाऊ लागली. खाता खाता म्हणाली, "तुम्ही अजून किती दिवस राहणार इथं?" तो हसला, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. "मग कुठं जाऊ?" "तुमच्या घरी," ती म्हणाली आणि कढीपत्त्याची पानं एकेक करून बशीच्या काठावर काढत राहिली.

प्रश्नाने त्याला जेवढं हलवलं नाही तेवढं त्या नजरेने हलवलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर त्याने ती कधी पाहिली नव्हती, पण कितीतरी पानांवर वाचली होती. बायकोच्या ताटातला पहिला घास नवऱ्याने खायचा आणि बायकोने त्याचा गळा बघायचा, हा प्रसंग त्याच्या लायब्ररीतल्या निदान पाच-सहा पुस्तकांत होता, आणि ती सगळी पुस्तकं त्याने स्वतःच्या हाताने तिला आणून दिली होती.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत संगमेशची लायब्ररी होती. मुरुडहून वडील लातुरात आले ते कापडाच्या दुकानासाठी. कापड भावाकडे गेलं आणि ह्याच्या वाट्याला आलेल्या गाळ्यात ह्याने पुस्तकं मांडली. शंकरप्पा काका तेव्हा म्हणाले होते, "लिंगायताचं पोरगं अन् कागद भाड्यानं देतंय." पण लायब्ररी चालली. आधी घरोघरच्या बायका यायच्या, मग त्या मालिका बघायला लागल्या आणि यायच्या थांबल्या. मग ट्यूशनच्या भागातली पोरं-पोरी यायला लागली, डॉक्टर व्हायला परगावाहून आलेली, रविवारी तासाभरासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात जाऊन बसायला अधीर झालेली. त्यांना सायकॉलॉजिकल थ्रिलर लागायची. मराठीतली, हिंदीतली, अनुवादित, जाडजूड, पानं सुटलेली. संगमेशला त्यांचं मर्म उमगलं होतं. जुन्या रहस्यकथेत खून कुणी केला ते शोधायचं असतं, तो सांगायचा, आणि इथं जो गोष्ट सांगतोय त्याचंच डोकं ठिकाणावर आहे का, ते. माणूस बघून पुस्तक द्यायची त्याची पद्धत होती. नुकतं लग्न ठरलेल्या मुलीला नवरा-बायकोचं द्यायचा नाही. आई वारलेल्याला हरवलेल्या पोरांचं द्यायचा नाही. जो उगाच मोठ्याने बोलतो त्याला फार शांत घरातली गोष्ट द्यायचा, आणि तो चार दिवसांनी येऊन खालच्या आवाजात म्हणायचा, काका, झोप लागली नाही.

महादेवीही अशीच आली होती, उदगीरहून, मावशीकडे राहून डीएड करायला. पुस्तक परत देताना ती टेबलावर ठेवायची नाही, हातात द्यायची. "ह्यातली बाई खोटं बोलायलीय, हे मला आधीच कळलं होतं," म्हणायची. "कशावरनं?" "घाबरलेली बाई दार उघडं ठेवत नसते." त्यावर तो तिला आणखी अवघड पुस्तक द्यायचा आणि ती तेही फोडायची. लग्नानंतरही तेच. ती शाळेतून यायची, तो लायब्ररीतून, आणि लहानगी अक्षरा, त्यांची मुलगी, मधे झोपलेली असताना दोघं पलंगाच्या दोन्ही बाजूंनी भांडायची, संशय कुणावर घ्यायचा ह्यावरून. लोकांचे संसार भाव-भाजीवर बोलत चालतात. यांचा न झालेल्या खुनांवर चालला. त्याला ते सुख वाटायचं. ते सुखच होतं.

मग तिच्या निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात कधीतरी ती एक पुस्तक वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली, आणि त्याने विचारलं तर म्हणाली, नवीन आणलंत ना? दुधाचं पातेलं करपलं. शेजारच्या गल्लीतून घर सापडेना म्हणून ती एका रिक्षात बसून राहिली. नळाला पाणी आलं आणि सगळे हंडे भरलेले असताना ती पुन्हा पुन्हा भरत राहिली, जिन्यावरून पाणी खाली राहणाऱ्या शरणम्माच्या दारापर्यंत गेलं. लातुरात सगळे ओळखतात, म्हणून तो तिला नांदेडला घेऊन गेला. बसमध्ये अहमदपूर मागे पडलं तसा तिने त्याचा हात धरला. "उतरल्यावर मला टाकून जाऊ नका," ती म्हणाली. तेव्हा तो तिचा नवरा होता. दवाखान्याच्या दारात रिक्षावाला तिला हाताला धरून उतरवत म्हणाला, "मावशी, घाबरून कशाला राहिल्या? काका हायेत की सोबत." डॉक्टर तरुण होता, मऊ बोलणारा. मेंदूचे फोटो त्याने उजेडावर धरले, पांढऱ्यातलं काळं दाखवलं. हे वाढत जाणार, म्हणाला. पुढे त्या ओळखणार नाहीत, किंवा चुकीचं ओळखतील, संशय घेतील. वाद घालू नका. गोळी घेईनात तर खाण्यातून द्या. कात्री, सुऱ्या, गॅस ह्यांच्याकडे लक्ष असू द्या, एकट्या बाहेर पडू देऊ नका. संगमेश मान हलवत ऐकत होता आणि एकेका सूचनेसरशी त्याला एकेक पुस्तक आठवत होतं.

सुशीलाच्या त्या सकाळनंतर तिने गोळी घ्यायची बंद केली. तळहातावर गोळी ठेवली की ती मूठ मिटायची आणि खिडकीशी जाऊन उघडायची. तेव्हा तो गोळी कुटायला लागला. स्वयंपाकघराचं दार लोटून, पोळपाटावर कागद ठेवून, लाटण्याच्या टोकाने. भुकटी दह्यात, वर साखर. मग वाटी बाहेर न्यायची, आधी स्वतः एक चमचा खायचा, कारण ती त्याशिवाय खात नव्हती. चेहरा न हलवता गिळायचं. कडवट चव टाळ्याला चिकटून राहायची, आणि त्याला वाटायचं, ज्या माणसावर वाचकाला पहिल्या पानापासून संशय यावा तो माणूस आता मी आहे. सुऱ्या त्याने लपवल्या होत्या. गॅसचं रेग्युलेटर काढून ठेवत होता. दुकानात जाताना दाराला बाहेरून कुलूप घालत होता. बायको आजारी आहे असं लोकांना सांगत होता. घरातली थ्रिलरची सगळी फळी त्याने एका दुपारी पोत्यात भरून दुकानात नेली, तिच्या डोक्यात हे सगळं त्यातूनच येतं असं वाटून, आणि संध्याकाळी ती त्या रिकाम्या फळीवर हात फिरवत म्हणाली, "मला कळू नये म्हणून नेलीत." बरोबर होतं. ती नेहमीच बरोबर ओळखायची. पुरावे सगळे खरे होते, जुळणीही खरी होती, फक्त त्यातून निघणारा माणूस तो नव्हता. नव्हता ना? वाटी विसळताना तो हा प्रश्न स्वतःला विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत नळ चालूच ठेवायचा.

हैदराबादहून अक्षराचा फोन आला. "बाबा, तुम्ही कुठं आहात?" "घरीच." ती म्हणाली, "आईचा फोन आला होता. हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, घरात कुणीतरी आहे, बाबांचे शर्ट घालून हिंडतोय." मग तीच पुढे म्हणाली, "मला सगळं माहीत आहे बाबा. तरी क्षणभर भीतीच वाटली." त्या रात्रीपासून त्याने महादेवीचा मोबाइल कपाटात ठेवला, आणि कपाटाची किल्ली फिरवताना त्याच्या लक्षात आलं की हेही राहिलं होतं, हेही आता झालं.

खालच्या मजल्यावरच्या शरणम्माने त्याला जिन्यात गाठलं. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती, लग्नात महादेवीची ओटी भरलेली बाई. "भाऊ, एक विचारू? वैनी खिडकीतनं म्हणायल्या, तुम्ही जेवणात काहीतरी कालवता."

"गोळी कालवतो, शरणम्मा. डॉक्टरनं सांगितलंय."

"हाव, तसंच असंल," ती म्हणाली. पण ती बाजूला झाली नाही. "दिवसभर कुलपात लई रडतात त्या. जनावरालाबी असं कोंडू न्हाई. चावी माझ्यापाशी देत जा, मी बघत जाईन." त्याने चावी दिली. वर चढताना त्याला आपल्या पाठीवर तिची नजर जाणवत होती.

दुकानात मनतशा आली होती. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत पुस्तक बदलायला यायची. "सर, मस्त होती," तिने पुस्तक टेबलावर आपटलं. "पण मला दुसऱ्या प्रकरणातच कळलं. नवराच असतो. कायम नवराच. किती गोड बोलतो तो, बायकोची चादर नीट करतो, दवा देतो. तेव्हाच समजायला पाहिजे होतं तिला. बेवकूफ बाई." संगमेश पुस्तकाची सुटलेली पानं सारखी करत राहिला. "दुसरी द्या ना, अशीच." तो फळीकडे वळला. एकेका पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवत गेला आणि एकही बाहेर काढता येईना. प्रत्येकात कुणीतरी कुणालातरी वाटी देत होतं. "प्रवासवर्णन देऊ का?" त्याने विचारलं. मनतशा हसली, मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. "सर, तबियत बरी आहे ना?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "लायब्ररीवाले आहेत का?"

महादेवी उभी होती. केस विंचरून घट्ट वेणी घातलेली, बाहेर जायची जांभळी साडी, हातात शाळेत न्यायची पर्स. शरणम्मा पायरीखाली उभी होती, तिथूनच म्हणाली, "लई हट्ट धरला वैनीनं. लायब्ररीत जायचं म्हणायल्या. म्हटलं तुमच्यापाशीच तर आणायचंय." आणि ती भाजी घ्यायला गोलाईकडे वळली. संगमेश टेबलामागे उभा होता. महादेवीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. कितीतरी महिन्यांत त्याने तो असा पाहिला नव्हता. "आहात होय तुम्ही," ती म्हणाली. "मला वाटलं दुकान बंद झालं असंल."

"आंटी," मनतशा पुढे झाली, "हे तर तुमचे—" संगमेशने टेबलाखालून हात हलवला. ती थांबली. तो म्हणाला, "बसा ना."

ती स्टुलावर बसली. मनतशाकडे एकदा पाहिलं, पुस्तक हातात असलेली मुलगी बघून तिला धीर आला असावा. "एक विचारायचं होतं. तुम्ही लई वाचलंय, म्हणून तुम्हालाच विचारते. माझ्या घरात एक माणूस येऊन राहिलाय."

"कोण?"

"ते न्हाई माहीत. दिसायला आमच्या ह्यांच्यासारखाच आहे. आवाजबी तसाच. पण ते न्हाईत. आमचे हे कुलूप लावणारे न्हाईत. खाण्यात काहीतरी घालतो तो. मी त्याला आधी खायला लावते, तरी घालतो. म्हणजे त्याला स्वतःच्या जिवाचंबी काही न्हाई." तिने आवाज खाली आणला. "असल्या माणसाची लई भीती वाटते हो."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. "त्रास देतो का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"न्हाई. मारत न्हाई, ओरडत न्हाई. नुसता बघायलाय. मी झोपले का, जेवले का. केसबी विंचरायला येतो." ती काही वेळ पर्सचा चाप उघडत-मिटत राहिली. "रडतोबी कधी कधी, मोरीत जाऊन. ते सगळ्यात वाईट. त्याला वाटतं मला ऐकू येत न्हाई."

मनतशाने मान फिरवली आणि ती फळीकडे बघत राहिली.

"आमच्या ह्यांना तुम्ही ओळखत असाल," महादेवी म्हणाली. "तेबी लई वाचायचे. तुमच्याकडं येत असतील."

"हाव. ओळखतो."

"मग निरोप द्या की त्यांना. म्हणावं, उशीर लई झाला. मी किती दिवस असं एकटीनं सांभाळायचं?"

त्याला सांगता आलं असतं. महादेवी, मीच तो, म्हणता आलं असतं, घरी त्याने ते शेकडो वेळा म्हटलं होतं, लग्नाचा फोटो तिच्या तोंडापुढे धरून म्हटलं होतं, आणि दर वेळी ती भिंतीला पाठ लावून मागे सरकली होती, एकदा तर तिच्या आईच्या कानडीत ओरडली होती, "यारु नीवु?", तुम्ही कोण? इथे, ह्या टेबलामागे, ह्या चष्म्यात, जुन्या कागदाच्या वासात ती त्याला ओळखत होती. नवरा म्हणून नाही, पण ज्याच्याकडे भीती घेऊन यावं असा माणूस म्हणून. ते तोंडाने बोलून घालवायचं त्याला धाडस झालं नाही.

"तुम्ही येता का माझ्यासोबत?" ती म्हणाली. "त्याला जरा दटावा. बाईमाणसाचं तो ऐकणार न्हाई."

"येतो."

त्याने दुकानाची चावी मनतशाच्या हातात दिली. "शटर ओढून घे. उद्या दिलीस तरी चालेल." मनतशाचे डोळे भरले होते. "सर, मी येऊ?" "नको." ती हळूच म्हणाली, "मी ते नवऱ्याबद्दल बोलले, ते..." "पुस्तकाबद्दल बोललीस तू," तो म्हणाला.

गोलाईच्या गर्दीतून दोघं चालत गेली. ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होती, परक्या पुरुषाबरोबर चालावं तशी, पण गाडी आली की त्याच्या आडोशाला येत होती. बोलत होती. शाळेतल्या एका बाईबद्दल, उदगीरच्या विहिरीबद्दल, एका कादंबरीबद्दल जिचा शेवट तिला पटला नव्हता. शेवट तिला अगदी बरोबर आठवत होता. त्याने मुद्दाम उलटं म्हटलं, संशय त्या भावावर घ्यायला हवा होता, आणि ती थांबून वाद घालायला लागली, रस्त्याच्या मधोमध, हातवारे करत. त्याला वाटलं, हा रस्ता संपू नये. रोज हिला एवढं चालवत आणावं. मग जिना आला आणि ती गप्प झाली.

दारापाशी ती दोन पायऱ्या खालीच थांबली. "तुम्ही जा आत. मी इथंच थांबते. सांभाळून."

शरणम्माने नुसती लावून ठेवलेली कडी काढून तो आपल्या घरात शिरला. दार मागे लोटलं. मावळतीचं ऊन खिडकीच्या गजांतून फरशीवर पडलं होतं. खुंटीवर त्याचा शर्ट होता. रिकामी फळी होती. स्वयंपाकघरात पोळपाट उपडा, त्याच्या कडेला पांढरी भुकटी लागलेली. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात होती. कुणाला दटावायचं म्हणून तो खोल्याखोल्यांतून फिरला, आणि प्रत्येक खोलीत त्याला त्या माणसाची कामं दिसली; नीट घडी घातलेली चादर, औषधांचा डबा उंचावर ठेवलेला, खिडकीला बाहेरून मारलेली जाळी. मोरीत दगडावर त्याचा टॉवेल होता. त्याने तो तोंडावर घेतला. बाहेर ती ऐकते आहे हे माहीत असल्यामुळे आवाज न करता उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. "निघ," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "निघ इथून. बाईला त्रास देऊ नको." मग त्याने मागचं दार उघडलं आणि आपटून बंद केलं. गॅसचं रेग्युलेटर काढलेलं आहे ना ते हाताने चाचपलं, सुऱ्यांचं फडकं माळ्यावर आणखी आत सारलं, रात्रीच्या गोळीचं दही झाकून टेबलावर ठेवलं.

तो बाहेर आला तेव्हा ती कठडा धरून उभी होती. "गेला?"

"गेला."

"काही बोलला?"

"न्हाई. काहीच न्हाई."

ती आत आली. पर्स टेबलावर ठेवली. प्रत्येक खोलीत डोकावून बघून आली, पलंगाखालीसुद्धा वाकून. मग खुर्चीत बसली आणि पाय लांब केले, आणि तिच्या तोंडून एवढा मोठा निःश्वास निघाला की संगमेशला तो स्वतःच्या छातीत जाणवला. महिनोन्‌महिने ह्या घरात कुणी असं बसलं नव्हतं. तिने टेबलावरची वाटी ओढली, झाकण काढलं आणि त्याला न विचारता, त्याच्या गळ्याकडे न बघता, दही खाऊन टाकलं. तो दारातच उभा होता. आपण आत येऊन बसावं असं त्याला वाटत होतं, ती म्हणेल याची तो वाट बघत होता.

"लई उपकार झाले तुमचे," ती म्हणाली आणि उठली. पदर खांद्यावरून घेतला. "पण आता तुम्ही निघा. दिवेलागण झाली. हे घरी न्हाईत, अन् मी एकटी. लोक काहीबाही बोलतात."

"मी थोडा वेळ—"

"न्हाई हो. ते आले अन् तुम्ही दिसलात तर त्यांना काय वाटंल?"

त्याने चपला घातल्या. ती दारापर्यंत आली, मुलीला शाळेत पोचवावं तसं हसली, आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकली. वरचीही. संगमेश जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. खाली शरणम्माने दिवा लावला होता, तिच्या घरातून उदबत्तीचा वास येत होता. दाराच्या पलीकडे महादेवीची पावलं ऐकू येत होती. बिनधास्त, पूर्ण तळवे टेकवून चालणारी. एकदा ती काहीतरी पुटपुटली आणि स्वतःशीच हसली. मग पावलं दाराशी आली आणि थांबली. फळ्यांमधल्या फटीतून तिचा आवाज आला, अगदी जवळून.

"गेलात का?"

त्याने भिंतीला डोकं टेकवलं. "हाव," तो म्हणाला. "गेलो."

"बरं," ती म्हणाली. "नीट जा."